वचन, बाँड आणि आपल्या नर्स मुली



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 21:28-32) प्रभू येशू एका बापाची आणि त्याच्या दोन मुलांची गोष्ट सांगतो. बाप म्हणतो, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. पहिला मुलगा तोंडावर नकार देतो, पण नंतर त्याचे मन पालटते आणि तो जातो. दुसरा अगदी अदबीने होकार देतो आणि जात नाही. या उताऱ्यावर मी आजवर अनेकदा प्रवचन केले आहे आणि दर वेळी दुसऱ्या मुलाला झोडपले आहे. तो सोपा सापडतो! परंतु गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मला वाटू लागले आहे की या गोष्टीत एका तिसऱ्या मुलाला जागा आहे. तो होकार देतो, खरोखर मळ्यात जातो, महिनोन्‌महिने राबतो आणि मग एके दिवशी मध्येच उभा राहून म्हणतो, बाबा, मला हे झेपत नाही, मला जाऊ द्या. या तिसऱ्या मुलाविषयी प्रभू काही बोललेला नाही. त्याला काय सांगायचे ते आपल्यालाच प्रार्थनापूर्वक शोधावे लागते.

जुलै महिन्यातील एक संध्याकाळ होती. बाहेर धो धो पाऊस. रोजरी आटोपून मी धर्मग्रामाचे कार्यालय बंद करत होतो, तेवढ्यात एक मुलगी आणि तिची आई छत्री झटकत आत आल्या. (पुढचे सारे मी त्या मुलीच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कृपया ही कोण असेल याचा शोध मिस्सेनंतर आवारात उभे राहून घेऊ नये.)

मुलगी चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून फेब्रुवारीत मुंबईच्या एका मोठ्या खासगी इस्पितळात लागली होती. रुजू होताना तिने स्टँप पेपरवर बाँड लिहून दिला होता: दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडली तर एक लाख रुपये भरीन. जामीनदार म्हणून वडिलांची सही होती. पदवीचे आणि नोंदणीचे मूळ कागद इस्पितळाच्या कार्यालयात जमा होते. आता पाचवा महिना चालू होता.

कॉलेजात तिला शिकवले होते की व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक नर्स असावी. येथे दोन आठवडे कुणाच्या तरी हाताखाली काढल्यावर तिला आयसीयूच्या नाइट ड्युटीवर एकटी लावली. वाट्याला तीन रुग्ण, त्यांतले दोन व्हेंटिलेटरवर. अशाच एका पहाटे, सलग चौथ्या नाइटला, तिने एका रुग्णासाठी इन्सुलिन भरले आणि ती शेजारच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. तो रुग्ण जागा होता. तो क्षीण आवाजात म्हणाला, ‘सिस्टर, मला शुगर नाही हो.’

एवढेच घडले. म्हणजे काहीच घडले नाही. सुई टोचली गेली नाही, कुणाला कळले नाही, कुठे नोंद झाली नाही. पण त्या दिवसापासून मुलीची झोप उडाली. तो माणूस बेशुद्ध असता तर? हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात फिरत होता. साप्ताहिक सुट्टीला ती घरी आली आणि आईला म्हणाली, मी परत जाणार नाही, फोन बंद करून टाकते, माझ्या बॅचच्या तिघी अशाच गेल्या. आईला पहिली आठवण झाली ती नवऱ्याच्या सहीची. दुसरी आठवण शेजाऱ्यांची. आणि मग दोघी माझ्याकडे आल्या.

मुलगी म्हणाली, ‘फादर, बाँड मोडला तर ते पाप होईल का?’

मी काय उत्तर दिले ते सांगायला मला आज लाज वाटते. मी म्हणालो, ‘बाळ, तू शब्द दिला आहेस ना? मग शब्द पाळायला हवा. थोडा त्रास प्रभूच्या क्रुसाला जोडून दे.’ आईचा चेहरा खुलला. मुलीने मान खाली घातली आणि ‘बरं, फादर’ म्हणाली. दोघी पावसात निघून गेल्या.

ते ‘बरं, फादर’ माझ्या कानातून जाईना. पापनिवेदन ऐकण्याची इतकी वर्षे सवय असलेल्या माणसाला कळते की कोणता होकार मनातून आला आहे आणि कोणता हार मानून. शिवाय मला एक जुनी बातमी आठवली. ऑक्टोबर 2011 मध्ये मुंबईतल्याच एका मोठ्या इस्पितळात काम करणाऱ्या केरळच्या एका तरुण नर्सने आपला जीव दिला होता. बाँड आणि अडकवलेली प्रमाणपत्रे यांमुळे तिला नोकरी सोडता येत नव्हती, असे तिच्या सहकारी नर्सेसचे म्हणणे होते आणि त्या काम थांबवून बाहेर आल्या होत्या. त्या मुलीनेही कुणाला तरी विचारले असेल का? तिलाही कुणी तरी क्रूस वाहायला सांगितले असेल का? रात्री अकरा वाजता मी उठलो आणि मुलीच्या आईला फोन केला. माफी मागितली. उद्या मुलीला घेऊन परत या म्हणालो. आई म्हणाली, ‘फादर, आता हो कशाला? तुम्ही तर सांगितलंत.’ मी म्हणालो, ‘घाईत सांगितलं, ताई.’

त्या रात्री मी सेमिनरीतली जुनी पुस्तके काढून बसलो. तत्त्वज्ञानाची पदवी घेतली तेव्हा आमचे गुरुजी म्हणायचे की ही विद्या तुम्हाला अशाच एखाद्या रात्री लागेल. तेव्हा आम्ही हसायचो.

वचन ही गंभीर गोष्ट आहे, यात शंका नाही. पंधरावे स्तोत्र देवाच्या पवित्र डोंगरावर कोण राहील असा प्रश्न विचारते आणि उत्तरात अशा माणसाचे वर्णन करते जो स्वतःचे नुकसान झाले तरी शपथ मोडत नाही. प्रभू तर डोंगरावरील प्रवचनात सांगतो की तुमचा होकार हा होकारच असू द्या. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1785 साली लिहिलेल्या ग्रंथात एक उदाहरण आहे: माणूस उसने पैसे घेतो आणि परत करण्याचे वचन देतो, पण देतानाच त्याला ठाऊक असते की आपण ते पाळणार नाही. कांट विचारतो, सगळेच असे वागू लागले तर वचन या शब्दाला काही अर्थ उरेल का? हे उदाहरण वाचताना मला आपलीच काही मुले-मुली आठवली. वाईट वाटून घेऊ नका. परदेशी जाण्यासाठी मोठ्या इस्पितळाचा अनुभव लागतो म्हणून दोन वर्षांच्या बाँडवर सही करायची आणि सही करतानाच सहा महिन्यांनी निघायचे ठरवलेले असायचे, हे आपल्याकडे घडते. घरातली वडीलधारी माणसेच तसा सल्ला देतात आणि त्याला हुशारी म्हणतात. ती हुशारी नव्हे. जे मनात नाही ते कागदावर लिहून देणे याला साध्या मराठीत खोटे बोलणे म्हणतात आणि ते सहीच्या क्षणीच घडलेले असते, नोकरी सोडण्याच्या क्षणी नव्हे.

पण ही मुलगी तशी नव्हती. तिने मनापासून सही केली होती. मग तिचे काय?

येथे संत थॉमस अक्वायनस माझ्या मदतीला आले. वचन देऊन ते न पाळणारा माणूस खोटारडा ठरतो का, या प्रश्नाला ते फार समंजस उत्तर देतात. वचन देताना पाळायची इच्छा होती तर तो खोटे बोललेला नाही. नंतर पाळले नाही तर तो अविश्वासू ठरू शकतो, पण दोन प्रसंगी त्याला दोष लागत नाही: ज्याचे वचन दिले ती गोष्टच उघड अयोग्य असेल तर, किंवा वचन दिले तेव्हाची माणसांची आणि व्यवहाराची परिस्थिती बदललेली असेल तर. आधाराला ते सेनेका या ख्रिस्ती नसलेल्या रोमन विचारवंताचे नाव घेतात, ही मला नेहमीच आवडलेली गोष्ट. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (क्रमांक 2410) हाच समतोल आहे. करार काटेकोरपणे पाळायचे, पण त्यांत स्वीकारलेली बांधिलकी नैतिकदृष्ट्या न्याय्य असेल तेवढ्यापुरते. हे शेवटचे शब्द आपण गाळून वाचतो. मीही त्या संध्याकाळी गाळले होते.

शास्ते या पुस्तकात (अध्याय 11) इफ्ताहची गोष्ट आहे. विजय मिळाला तर घरातून जे प्रथम सामोरे येईल त्याचे होमार्पण करीन असे तो बोलून बसला आणि सामोरी आली त्याची एकुलती एक लेक. शब्द पाळण्यासाठी त्याने लेकीचा बळी दिला. संत थॉमस स्पष्ट सांगतात की असे वचन देण्यात त्याचा मूर्खपणा होता आणि ते पाळण्यात अधर्म. जामिनाच्या कागदावर सही केलेल्या प्रत्येक बापाने ही गोष्ट एकदा निवांतपणे वाचावी.

आता कुणी म्हणेल, फादर, परिस्थिती तर रोजच बदलते. हॉस्टेलचे जेवण आवडले नाही, मेट्रन रागावली, शेजारच्या इस्पितळात तीन हजार जास्त मिळतात, हेही बदलच की! नाही, बंधूंनो. नोकरीत पहिले सहा महिने सर्वांनाच जड जातात. धर्मगुरूलाही जातात. माझ्या पहिल्या धर्मग्रामात मी पहिल्या वर्षी दोनदा बदलीचा अर्ज लिहिला आणि दोनदा फाडला. कंटाळा, अपमान, घरची ओढ यांनी वचन सुटत नाही. पण नर्सने ज्या रुग्णांची सेवा करण्यासाठी सही केली त्याच रुग्णांच्या जिवाला तिच्या हातून धोका होऊ लागला आणि तो टाळण्याची कोणतीही सोय इस्पितळ करून देत नसेल, तर ते वचनच आतून पोकळ झालेले असते. बाँडच्या कागदापेक्षा जुने असे एक वचन तिने दिलेले आहे, नर्सिंगच्या शिक्षणात मेणबत्ती हाती धरून. ते रुग्णाला दिलेले आहे.

आणि त्या सहीबद्दलही थोडे बोलायला हवे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरूम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामगारांविषयी जे लिहिले ते आजही ताजे आहे. मजुराने राजीखुशीने करार केला असे वरवर दिसले तरी गरजेपोटी किंवा अधिक वाईट काही ओढवेल या भीतीने त्याने जाचक अटी मान्य केल्या असतील तर तो अन्यायाचा बळी आहे, असे ते सांगतात. (सध्याच्या पोप महोदयांनी 2025 साली लिओ हे नाव का घेतले, हे सांगताना याच विश्वपत्राचा उल्लेख केला होता.) बावीस वर्षांची मुलगी, डोक्यावर शिक्षणाचे कर्ज, समोर एचआरची टेबलावर सरकवलेली सहा पाने आणि ‘इथे, इथे आणि इथे सही करा’. तिने ती पाने वाचली नव्हती. तुम्ही-आम्ही तरी वाचली असती का?

कायद्याचे दोन शब्द, कारण लोक दोन्ही टोकांना चुकतात. मी वकील नाही, आपल्या एका वकील बंधूंना विचारून लिहितो. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याप्रमाणे कोणतेही न्यायालय कुणाला मनाविरुद्ध नोकरीत राहायला भाग पाडत नाही. तेव्हा ‘पोलीस येऊन घेऊन जातील’ ही धमकी पोकळ आहे. मात्र बाँड म्हणजे रद्दी, हेही खरे नाही. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला. दुसरीकडे 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 सांगते की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे आणि तिच्या आत जी भरपाई वाजवी असेल ती मिळू शकते. दोन आठवड्यांच्या तोंडओळखीला एक लाखाचे प्रशिक्षण म्हणता येईल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मूळ प्रमाणपत्रे ही काही सोन्याची बांगडी नव्हे की गहाण ठेवावी. ती कुणाकडेही जमा करू नका, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रती दाखवून परत घ्या.

पगाराविषयीही लिहितो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी इस्पितळातही नर्सला किमान 20,000 रुपये मिळावेत आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार मिळावा. शिफारस ही शिफारसच. पण जे इस्पितळ तेवढे देते आणि माणसे पुरेशी ठेवते त्याला नर्सेस टिकवण्यासाठी त्यांची प्रमाणपत्रे कपाटात कोंडावी लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मायलेकी परत आल्या. मी मुलीला सांगितले की तुला जाण्याचा अधिकार आहे असे मला वाटते. ती रडली. मग मी म्हणालो, पण फोन बंद करून जायचे नाही. त्यावर ती जरा रागावलीच. जायचे आहे तर कसे गेले याने काय फरक पडतो, असे तिचे म्हणणे.

मी तिला याकोबाची गोष्ट वाचून दाखवली (उत्पत्ती 29 ते 31). याकोब म्हणजे बायबलमधला बाँडवरचा कामगार. मामा लाबानाशी सात वर्षांचा करार केला, मामाने फसवले, आणखी सात वर्षे राबवले, नंतर सहा वर्षे कळपांसाठी. एकूण वीस वर्षे. मजुरी दहा वेळा बदलली असे याकोब म्हणतो. श्वापदाने फाडलेल्या जनावराची भरपाई त्याच्याच हिशेबातून जायची. दिवसा ऊन, रात्री थंडी आणि डोळ्याला डोळा नाही. हे वाचल्यावर मुलगी पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘फादर, हा नाइट ड्युटीच करत होता! आमच्याकडे थर्मामीटर फुटला तरी पगारातून कापतात.’

याकोबाला तेथून निघायला खुद्द देवाने सांगितले. म्हणजे निघणे योग्यच होते. तरीही तो कसा निघाला? लाबान मेंढरांची लोकर कातरायला गेल्याची संधी साधून, कुणाला न सांगता, बायकामुले उंटांवर बसवून पळाला. तिसऱ्या दिवशी लाबानाला कळले आणि तो सात दिवस पाठलाग करत आला. त्या घाईगडबडीत राहेलने बापाच्या घरातल्या मूर्ती चोरल्या होत्या, हे याकोबाला ठाऊकसुद्धा नव्हते. पळून जाताना आपल्याबरोबर काय काय निघून येते ते आपल्याला कळत नाही! शेवटी डोंगरावर दोघे समोरासमोर आले. आणि तेथे, पहिल्यांदाच, वीस वर्षांत साचलेले सारे याकोब लाबानाच्या तोंडावर बोलला. मग दगडांची रास रचली, दोघे तिच्यापाशी जेवले आणि सकाळी लाबान नातवंडांचे मुके घेऊन परत गेला. लाबान काही सुधारला नव्हता. पण याकोब आता पळणारा राहिला नव्हता.

मी सेमिनरीत असताना आमचा एक सोबती एका रात्री असाच निघून गेला. सकाळी त्याची गादी गुंडाळलेली दिसली. त्याला पाचारण नव्हते, हे आम्हालाही जाणवत होते आणि मागितले असते तर वरिष्ठांनी आशीर्वाद देऊन पाठवला असता. बारा-तेरा वर्षांनी तो मला एका लग्नात भेटला. चांगला संसार, चांगली नोकरी. तरी म्हणाला की अजून सेमिनरीच्या रस्त्यावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवतो. सोडल्याचे त्याला दुःख नव्हते. गादी गुंडाळल्याचे होते.

नर्सच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आहे. तुमच्या धंद्यात हँडओव्हर नावाची एक सुंदर रीत आहे. ड्युटी संपली, घड्याळात आठ वाजले म्हणून कुणी चालू लागत नाही. पुढची सिस्टर आली की दोघींनी प्रत्येक खाटेपाशी उभे राहायचे, या रुग्णाला काय दिले, काय द्यायचे राहिले, रात्री तो कशाने कण्हत होता, सारे सांगायचे आणि मग निघायचे. न सांगता गायब झालेल्या मुलीची जागा त्या रात्री कोण भरते? मेट्रन नाही, मालक तर नाहीच. बारा तास उभी राहिलेली दुसरी एखादी मुलगी भरते आणि मग तीही चुकीच्या खाटेपाशी इन्सुलिन घेऊन उभी राहते. माझ्याकडे आलेल्या मुलीला हे मी सांगावे लागले नाही. तिच्या बॅचच्या तिघी गेल्या त्याच आठवड्यात तिच्या वाट्याला दोनाचे तीन रुग्ण आले होते. हे तिला बोलता बोलताच उमगले आणि ती गप्प झाली.

ती परत गेली. लेखी राजीनामा दिला, महिन्याची नोटीस दिली, अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. आणि मी सांगितले नव्हते तेही तिने केले: मेट्रनकडे जाऊन इन्सुलिनची हकीकत सांगितली. मेट्रन पाच मिनिटे तावातावाने बोलल्या आणि मग दार लावून घेऊन म्हणाल्या की अशी एक रात्र माझ्याही आयुष्यात आहे. उरलेला महिना मुलीला जनरल वॉर्डात दिले. तिने राहावे असे मेट्रनना वाटत होते आणि एकदा तीही डळमळली. व्यवस्थापनाने मात्र पूर्ण लाख मागितले. वकील बंधू एकदा तिच्या वडिलांबरोबर जाऊन आले. अखेर चाळीस हजारांवर तडजोड झाली, हप्त्यांनी. हे चाळीस हजार तिने द्यायला हवे होते का, यावर आमच्या पाळकीय समितीत दोन मते आहेत. माझे मत असे की काही रक्कम देणे योग्य होते, कारण शब्द खरा होता आणि तो अपुरा राहिला. पण आकडा जास्त वाटतो. वडिलांनी केळीच्या बागेच्या कामासाठी ठेवलेल्या पैशांतून पहिला हप्ता भरला आणि मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. इफ्ताहपेक्षा हा बाप थोर.

आपल्यापैकी काही जण इस्पितळे चालवतात, काही डॉक्टर आहेत, काही विश्वस्त आहेत आणि रविवारी पुढच्या बाकांवर बसतात. त्यांना माझी विनंती आहे. बाँड घ्यायचाच असेल तर ज्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला त्याच्या प्रमाणात घ्या, महिने जातील तशी रक्कम उतरती ठेवा, प्रमाणपत्रे परत करा आणि नवीन मुलीला पहिले तीन महिने नाइटला एकटी लावू नका. विश्रांतीवारच्या नियमाबरोबर मोशेने मजुरांच्या मजुरीचेही नियम दिले होते.

आणि आयांना. तुमची मुलगी पहिल्या नोकरीवरून सुट्टीला आली की ‘पगार झाला का’ विचारण्याआधी ‘झोप होते का’ विचारा. शेजारची मुलगी सहा वर्षे टिकली असेल, प्रभू तिचे भले करो. तिच्या वाट्याला किती रुग्ण होते ते आपल्याला ठाऊक नाही. आणि नोकरी सोडून आलेल्या मुलीच्या घरी जाऊन ‘का गं, काय झालं?’ असे खोदून विचारण्यापेक्षा भाजलेली दोन बोंबील घेऊन जा.

ज्या मुला-मुलींना नोकरीच्या करारावर सही करायची आहे किंवा करून झाली आहे त्यांच्यासाठी आपले वकील बंधू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात बसणार आहेत. कागद घेऊन या, शक्यतो सहीच्या आधी. पैसे लागणार नाहीत. ज्यांना रात्रीची झोप लागत नाही किंवा जीव नकोसा वाटतो त्यांनी पहिल्या रविवारची वाट पाहू नये. माझे दार वाजवा, कितीही वाजलेले असोत. या वेळी मी आधी ऐकून घेईन.

ती मुलगी आता आपल्याच तालुक्यातील एका लहान इस्पितळात आहे. पगार चार हजारांनी कमी झाला. नाइट तेथेही आहेच, पण सोबत एक अनुभवी सिस्टर असते. आईचा राग अजून पुरता गेलेला नाही, हप्त्याच्या तारखेला तो थोडा वर येतो. गेल्या रविवारी मुलगी नाइट संपवून थेट सातच्या मिस्सेला आली होती. पहिल्या वाचनापर्यंत जागी होती. माझे प्रवचन सुरू झाले आणि खांबाला डोके टेकून ती गाढ झोपी गेली. आईने तिला कोपराने ढोसले. मी आईला वेदीवरूनच हाताने खूण केली, राहू द्या.